मुदत टळण्याआधी

घर भाड्याने द्यायचे ठरले की एजंटचे पहिले वाक्य ठरलेले असते: “अकरा महिन्यांचा करार करून टाकू, नोंदणीची भानगड नको.” मग मुद्रांक येतो, त्यावर नोटरीचा शिक्का बसतो, दोघांच्या सह्या होतात आणि किल्ल्या भाडेकरूच्या हाती जातात. आपले काम रीतसर झाले, असे घरमालकाला मनापासून वाटते. महाराष्ट्रात मात्र अशा कराराने त्याने स्वतःचीच बाजू लंगडी करून ठेवलेली असते.

अकरा महिन्यांची ही प्रथा नोंदणी कायद्यातून आली. १९०८ च्या या कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मुदत वर्षाच्या आत ठेवली की नोंदणी टळते, म्हणून अकरा महिने. महाराष्ट्रात हा हिशेब ३१ मार्च २००० रोजी संपला. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार जागा भाड्याने दिलेली असो किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. मुदत पाच वर्षांची असो की पाच महिन्यांची, नियम तोच. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षाही जड आहे तो या कलमाचा दुसरा भाग. करार नोंदलेला नसेल आणि वाद उभा राहिला, तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते. म्हणजे ठरले होते वीस हजार आणि भाडेकरू म्हणाला बारा, तर पुरावे शोधायची धावपळ मालकाने करायची.

जुन्या घरमालकांच्या मनात कायद्याविषयी भीती आहे, आणि तिला कारणही आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे ‘लायसन्स’वर जागेत राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तात्पुरते म्हणून दिलेली घरे अनेकांना परत मिळाली नाहीत. तो धसका आजही कायम आहे, कायदा मात्र बदलला आहे. १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने घर रिकामे करून द्यायचे. नाही दिले तर मालकाने दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालायची गरज नाही. त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. या जलद मार्गाचा सारा भार लेखी करारावर आहे.

आणि नोंदणीला खर्च किती? महिना २० हजार रुपये भाडे, एक लाख अनामत आणि दोन वर्षांची मुदत धरू. दोन वर्षांचे भाडे झाले ४ लाख ८० हजार. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरायचे, म्हणजे दोन वर्षांचे २० हजार. बेरीज पाच लाख. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १,२५० रुपये. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी एक हजार. शिवाय थोडे हाताळणी शुल्क. सगळे मिळून एखाद्या आठवड्याच्या भाड्याहूनही कमी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे काम आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि वेबकॅमेरा यांच्या जोरावर घरबसल्या होते. बहुतेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. तीही ऑनलाइन भरता येते.

घर, दुकान आणि छोटा कारखाना यांच्याशी निगडित कायद्यांत हेच पुन्हापुन्हा दिसते. सामान्य माणसाच्या बाजूच्या तरतुदी आहेत, चांगल्या धारदार आहेत, पण त्या ठरावीक कागद मागतात आणि तो ठरावीक मुदतीत मागतात. वाद झाल्यावर वकील शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांचे नुकसान त्याआधीच झालेले असते, एखादी नोंदणी न केल्याने किंवा एखादी तारीख चुकल्याने.

फ्लॅट आपला, जमीन कोणाची?

फ्लॅटचा करार नोंदला गेला, इंडेक्स टू हातात आला, सोसायटीचे भागपत्र मिळाले की मालकी पूर्ण झाली असे बहुतेकांना वाटते. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिच्या मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे हे फार थोडे जण पाहतात. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या सोसायट्यांच्या बाबतीत ते आजही बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकाचे असते.

१९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात त्याने, बिल्डरवर बंधन घातले की सोसायटी स्थापन करून जमीन व इमारत तिच्या नावे अभिहस्तांतरित करायची. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर नियमांनुसार सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. कित्येक बिल्डरांनी ते केलेच नाही. कोणी वाढीव चटईक्षेत्राची आशा धरून थांबले, कोणी व्यवसाय बंद करून गेले, कोणी वारले आणि त्यांच्या वारसांत भांडणे लागली. इमारत तीस-चाळीस वर्षांची होऊन पुनर्विकासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न उभा राहतो तो जमिनीचाच.

यावर २००८ च्या दुरुस्तीने उपाय दिला, तो मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बोलीभाषेत ‘डीम्ड कन्व्हेयन्स’चा. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करायचा. ते बिल्डरला व जमीनमालकाला नोटीस काढतात, म्हणणे ऐकतात आणि कागदपत्रे पुरेशी असतील तर एकतर्फी अभिहस्तांतरणाचा हक्क असल्याचे प्रमाणपत्र देतात. कायद्यात यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. मग दस्त नोंदवून मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव चढवायचे. प्रमाणपत्र मिळाले की काम संपले असे समजून फाइल कपाटात ठेवणाऱ्या समित्या शेवटचा टप्पाच विसरतात.

अर्जासाठी सदनिकाधारकांचे नोंदलेले करार, इंडेक्स टू, सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि जमिनीचा उतारा लागतो. यातला नेहमी अडणारा कागद म्हणजे पहिल्या खरेदीदाराचा मूळ करार. फ्लॅट तीनदा विकला गेलेला असतो आणि जुना करार कोणाकडेच नसतो. म्हणून फ्लॅट घेताना मागच्या सगळ्या व्यवहारांचे दस्त मागून घ्यावेत. ते नोंदलेले असतील तर दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत मिळते.

नव्या प्रकल्पांना रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा, लागू आहे. महाराष्ट्रात त्याखालच्या महारेरा या प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ रोजी सुरू झाले. नोंदलेला करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायची जबाबदारी त्याच्यावर आहे. गळणारे छत दरवर्षी स्वतःच्या खर्चाने बुजवत बसलेल्या कुटुंबांनी ताब्याच्या पत्रावरची तारीख काढून पाहावी. पाच वर्षे व्हायची असतील तर आजच लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

सोसायटीतल्या पैशांच्या मागण्यांनाही मर्यादा आहेत. फ्लॅट विकताना महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार रुपये. त्यापलीकडे देणगी, विकास निधी अशा नावाने विक्रेत्याकडून सक्तीने रक्कम उकळता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. हे २००१ सालचे शासनाचे आदेश आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने बिनभोगवटा शुल्कावरची ही मर्यादा उचलून धरली आहे.

नॉमिनी आणि वारस

घराघरांत सर्वांत खोल रुजलेला गैरसमज नामनिर्देशनाचा आहे. “फ्लॅटला माझे नाव लागले आहे, म्हणजे फ्लॅट माझा,” असे एक भाऊ म्हणतो आणि तिथून पुढे भावंडांचे बोलणे बंद होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सरबती देवी खटल्यात सांगितले, की विमा पॉलिसीचा नॉमिनी कंपनीकडून पैसे स्वीकारतो, पण त्या पैशांवर हक्क वारसांचाच राहतो. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हेच सूत्र कायम केले. तो खटला मराठी वाचकांच्या ओळखीच्या घरातला होता. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ साली मृत्युपत्र केले होते. त्यांच्या काही गुंतवणुकींना नामनिर्देशन होते. नॉमिनी हाच मालक ठरतो का, हा प्रश्न त्यातून थेट दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयाने उत्तर दिले, की कंपनी कायद्यातील नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नाही. मालकी मृत्युपत्राने ठरेल किंवा वारसा कायद्याने.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांबाबत महाराष्ट्राने २०१९ साली कायद्यातच स्पष्टता आणली. सदस्य वारला तर नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेता येते, आणि तेही वारस ठरेपर्यंतच. सोसायटीची पत्रे कोणाला पाठवायची, देखभाल खर्च कोणाकडून घ्यायचा, हे त्यामुळे अडत नाही. फ्लॅट कोणाचा, हे मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक करार यांतून ठरते.

मृत्युपत्र नसेल तर काय होते, तेही नीट पाहावे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. मागे पत्नी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि आई असतील तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा. “नवऱ्याचे घर आहे, माझ्यानंतर मुलांना जाईल,” असे गृहीत धरून बसलेल्या बाईला त्या घरात चतुर्थांश वाटाच मिळतो. घर विकायचे तर चौघांच्या सह्या लागतात. सासूबाई नंतर गेल्या तर त्यांच्या वाट्यात दीर-नणंदाही येतात.

मृत्युपत्राइतका स्वस्त आणि सोपा दस्तऐवज कायद्यात दुसरा नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे आवश्यक. साक्षीदार मालमत्तेतून काही न मिळणारे असावेत आणि शक्यतो तरुण असावेत, कारण त्यांची साक्ष वीस वर्षांनी लागू शकते. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केली तर ‘हे बनावट आहे’ असे म्हणणाऱ्याचे काम अवघड होते. वयस्कर व्यक्तीने सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदलले तर मृत्युपत्र हवे तितक्यांदा बदलता येते. आणि नामनिर्देशनही करावेच, कारण त्यामुळे बँकेतले पैसे हाती यायला वेळ लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

हाताखाली माणसे असतील तर

दुकानात चार पोरे, कार्यशाळेत बारा कामगार, दवाखान्यात तीन नर्स. अशा ठिकाणी नोकरी बहुधा तोंडी ठरते. “उद्यापासून ये, पंधरा हजार देईन.” सगळे सुरळीत चालते तोवर कोणाचेच बिघडत नाही. माणूस अचानक सोडून जातो किंवा काढला जातो, तेव्हा पगार किती होता, तो कधी लागला, रजेचे पैसे राहिले का, यातले काहीच कागदावर नसते. लेबर कोर्टात त्याचा त्रास मालकाला होतो आणि कामगारालाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. छोट्या मालकाने त्यांतल्या तीन गोष्टी तरी लक्षात ठेवाव्यात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावे लागते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. आणि कामगाराने राजीनामा दिला किंवा त्याला काढले, तर त्याचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. ‘हिशेब महिनाअखेरीस करू’ ही सवय आता चालणार नाही.

ग्रॅच्युइटीबद्दलही मालक गाफील असतात. दहा माणसांच्या पेढीलाही ती लागू होते. सलग पाच वर्षे काम केलेल्याला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. शेवटचे वेतन २६ हजार आणि नोकरी दहा वर्षांची असेल, तर रक्कम होते दीड लाख. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता पाच वर्षांची अट नाही. त्याने केलेल्या कामाच्या प्रमाणात ती द्यावी लागते. मालकाने दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढली, तर जुना माणूस निवृत्त होताना दोघांनाही तोंड चुकवावे लागत नाही.

बाई कामाला असलेल्या प्रत्येक जागेसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्मे सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहाहून कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या मावशींनाही हाच मार्ग मोकळा आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. ही मुदत फार कमी स्त्रियांना माहीत असते. कामाच्या ठिकाणी लावलेल्या एका कागदावर समितीच्या सदस्यांची नावे आणि ही मुदत ठळक लिहिली, तर कितीतरी जणींचा आवाज वेळेत पोहोचेल.

अडकलेली बिले, परतलेले चेक

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखानदाराला त्याची सर्वांत मोठी अडचण विचारा, तो अडकलेल्या बिलांविषयी बोलेल. माल मोठ्या कंपनीला गेलेला असतो, कामगारांचा पगार आणि वीजबिल वेळेवर भरावे लागते, आणि पैसे नव्वद दिवसांनी, कधी दीडशे दिवसांनी येतात. जोर लावला तर पुढची ऑर्डर जाईल ही धास्ती.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने या धास्तीवर चांगला उतारा दिला आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. ऑर्डरवर ‘पेमेंट नव्वद दिवसांनी’ छापलेले असले तरी ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला मुद्दलात मिळवून. बँक दर साडेसहा टक्के असेल तर व्याज साडेएकोणीस टक्के. पैसे न मिळाल्यास ऑनलाइन अर्ज करून सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. २०२३ सालच्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यातही तरतूद केली. मुदतीत न दिलेली बिले खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाहीत. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचे लेखापाल मार्च महिन्यात पुरवठादारांकडे उद्यम प्रमाणपत्र स्वतःहून मागू लागले.

हे सगळे मिळण्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी कोणा एजंटला पैसे द्यायचे कारण नाही. ही नोंदणी माल पुरवण्याआधी झालेली असावी, कारण नंतर केलेली नोंदणी आधीच्या व्यवहाराला लागू पडते का यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. मध्यम उद्योगांना आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उशिराच्या पैशांची ही सवलत नाही. आणि सारा हिशेब ज्या दिवसापासून सुरू होतो तो दिवस सिद्ध करणारा कागद म्हणजे डिलिव्हरी चलन. टेम्पोवाल्याने गेटवर चलन दिले आणि पोच न घेताच परत आला, तर पंधरा काय आणि ४५ काय, दिवस मोजायचे कुठून? चलनावर स्वीकारणाऱ्याचे नाव, सही, शिक्का आणि तारीख घेण्याची शिस्त ज्याने लावली त्याची निम्मी लढाई तिथेच झाली.

व्यापाऱ्याला उरतो तो चेक. चेक परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मुदतींच्या बाबतीत हे कलम फार काटेकोर आहे. बँकेचा परतीचा मेमो १० जूनला मिळाला असे समजू. तेव्हापासून तीस दिवसांत, म्हणजे १० जुलैपर्यंत, चेक देणाऱ्याला लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते. नोटीस त्याला १८ जूनला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, म्हणजे ३ जुलैपर्यंत. तोवर पैसे आले नाहीत तर ४ जुलैपासून एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या तीस दिवसांना ती सोय नाही. “थांबा, पुढच्या महिन्यात नक्की देतो,” या फोनवरच्या आश्वासनावर विसंबून अनेकांनी हाच महिना गमावला आहे. आश्वासन देणाऱ्याशी संबंध बिघडू नयेत असे वाटत असेल, तरी नोटीस पाठवून मग बोलणी चालू ठेवता येतात. नोटिशीत नेमकी चेकवरचीच रक्कम मागावी. व्याज, खर्च वगैरे मागायचे तर ते वेगळे दाखवावे.

साध्या उधारीलाही मुदत आहे. येणे वसूल करण्याचा दिवाणी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. म्हणून दर ३१ मार्चला खातेउतारा काढून त्यावर ‘बाकी मान्य’ असे लिहून सही घेण्याची जुन्या अडत्यांची रीत आजही तितकीच कामाची आहे. भागीदारीत धंदा असेल तर फर्मची नोंदणी आधी तपासावी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला कराराचे पैसे मागण्यासाठी तिऱ्हाइतावर दावाच लावता येत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर

हे वाचून ‘वकील करायला पैसे कुठून आणायचे’ असे कोणाच्याही मनात येईल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याची सोय केली आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्न मर्यादेच्या आत. दावा लावण्याआधीचा सल्लाही त्यात येतो, आणि तोच सर्वांत उपयोगाचा असतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो.

सामोपचाराची तयारी असेल तर लोकअदालत आहे. चेकची प्रकरणे, वसुलीचे दावे, वीज आणि बँकेची थकबाकी अशी कामे तिथे एका बैठकीत मिटू शकतात. फी लागत नाही. चालू दावा तिथे मिटला तर आधी भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा शांतपणे वाचून घ्याव्यात. न्यायालयात न गेलेला वादही लोकअदालतीपुढे ठेवता येतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करायचा आणि सोबत करार, बिले, चलने, बँकेचा मेमो, पाठवलेल्या नोटिशीची पोच अशा कागदांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्यायच्या. अर्ज आला की दुसऱ्या पक्षाला बोलावणे पाठवण्याचे काम ते कार्यालयच करते.